धारवाडची मोजपट्टी

क्वार्टर मिळेपर्यंत बनशंकरी सेकंड स्टेजला भाड्यानं राहतोय. देवळाच्या बाजूनं जायचं तर शुक्रवारी सकाळी राहुकाळात जाऊ नये, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. अर्ध्या लिंबाच्या साली उलट्या करून त्यांत दिवे लावणाऱ्या बायकांची गर्दी थेट कनकपुरा रस्त्यापर्यंत येते. सोलापूर, सांगलीकडच्या कितीतरी घरांची कुलदेवता बनशंकरी. मूळ ठाणं बदामीचं. त्यामुळे या गर्दीत मराठीही बरंच कानावर पडतं.

अशाच एका शुक्रवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, गाव बेळगावजवळ. मुलगा इथं कंपनीत नोकरीला, म्हणून हे दोघं म्हातारा-म्हातारी नातवाला सांभाळायला आलेले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते.

"साहेब, हे बघा की जरा. इंग्रजी हाय. पोराला विचारलं तर तो म्हणतो, बाबा तुम्हाला नाही कळायचं."

दोन्ही कागद त्यांच्या आठ वर्षांच्या नातवाच्या बुद्धिमापनाचे होते. पहिला जुलैमधला, दुसरा डिसेंबरमधला. पहिल्यावर बुद्ध्यंक ६६, दुसऱ्यावर ७९. शाळेनं पहिला कागद बघून "याला वेगळ्या शाळेत घाला" असं सुचवलं होतं. सुनेनं चार दिवस जेवण सोडलं होतं म्हणे.

"सहा महिन्यांत तेरा मार्क वाढले," काका म्हणाले. "पोरगं शाणं झालं काय? का पहिल्यांदा ह्यांनी चूक केली? खरा आकडा कुठला, तेवढं सांगा."

मी मानसशास्त्राचा माणूस नाही. पण फौजेत असा माणूस सापडणार नाही, ज्याच्या तर्कशक्तीवर कुणी ना कुणी आकडा टाकलेला नाही. त्यात इथं कबन रोडवर सिलेक्शन सेंटर. देशभरातून आलेली पोरं पहिल्या दिवशी तिथं जी पहिली परीक्षा देतात, ती तर्काचीच असते: शब्दांची आणि आकृत्यांची. मालिकेत पुढं काय येईल, कोणती आकृती गटात बसत नाही, हे विधान खरं असेल तर ते खरं का. पहिल्याच दिवशी त्यातली बरीच परत पाठवली जातात. काकांना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि या मोजमापाचा इतिहास फिरून फिरून दोनच ठिकाणी येत राहिला: एक फौज आणि दुसरं, मला अपेक्षा नव्हती ते, धारवाड.

सुरुवात पॅरिसची. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी एक कसोटी तयार केली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि वर्गात मागं पडणारी मुलं कोणती, त्यांना कशी मदत करायची, हे ठरवायचं होतं. त्याआधी इंग्लंडात गाल्टननं माणसाची नजर, कान, हाताच्या पकडीचा जोर, खूण दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ असलं सगळं मोजून पाहिलं होतं. त्यातून अक्कल काही हाती लागली नाही. बिनेनं ते सोडून दिलं. समजणं, पारखणं आणि कारण देणं यांतच बुद्धी आहे, असं त्यानं धरलं. म्हणून त्याच्या कसोटीत मुलाला दोन वस्तूंतलं साम्य विचारतात, आकडे ऐकून परत म्हणायला लावतात, एखादं विसंगत वाक्य सांगून त्यात काय चुकलं ते विचारतात. खऱ्या कसोटीतले प्रश्न छापू नयेत, नाहीतर कसोटीच निकामी होते. म्हणून माझ्या पदरचं एक उदाहरण देतो: "शिपायानं घरी पत्र लिहिलं, की हे पत्र पोचलं नाही तर मला उलट टपाली कळवा." आठ वर्षांचं पोर हसलं तर त्याला गोम कळली. पण का हसलास, हे त्याला सांगताही यायला हवं.

बिनेची मोठी युक्ती प्रश्नांत नव्हती, लावणीत होती. कोणता प्रश्न किती वयाच्या बहुतेक मुलांना येतो, हे त्यानं प्रत्यक्ष मुलांना विचारून ठरवलं आणि प्रश्न वयाप्रमाणे रचले. म्हणजे ही मोजपट्टी मीटरसारखी कुठं तिजोरीत ठेवलेली नाही. ती मुलांवरूनच आखली आहे. तुमचं मूल किती उंच, याचं उत्तर ती "इतर मुलांच्या मानानं" असंच देते. हे "इतर" कोण, यावर सगळं अवलंबून. पुढं जर्मनीत स्टर्ननं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची कल्पना काढली आणि अमेरिकेत टर्मननं १९१६ च्या आवृत्तीत त्याला शंभरानं गुणून आजचा बुद्ध्यंक चालू केला.

दुसऱ्याच वर्षी हे शास्त्र फौजेच्या हाती लागलं. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्स यांच्या मंडळानं भरतीसाठी दोन कसोट्या केल्या. वाचता येणाऱ्यांना आर्मी अल्फा, निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्यांना चित्रांची आर्मी बीटा. सतरा लाखांवर माणसांची मोजणी झाली. एकेका मुलासमोर बसून करायची कसोटी आता बराकीत शेकडो जणांना एकदम देता येऊ लागली. पण बीटातली चित्रं कसली? टेनिसच्या मैदानात काय राहिलंय ते दाखवा, तर जाळी. फोनोग्राफला काय नाही, तर कर्णा. सिसिलीहून किंवा पोलंडच्या खेड्यातून आलेल्या रंगरुटानं टेनिस कुठं पाहिलेलं? शब्द काढले म्हणजे भाषा गेली, असं त्यांना वाटलं. पण चित्रालाही गाव असतं.

या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिलं, की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक बुद्धीनं कमी आहेत. १९२४ साली अमेरिकेनं त्याच लोकांना जवळजवळ दार बंद करणारा कायदा केला. तो कायदा काही एका पुस्तकामुळं झाला नाही, पण तेव्हाच्या वातावरणात हे आकडे होतेच. १९३० साली ब्रिगमनी स्वतःच छापून कबूल केलं, की वेगवेगळ्या भाषेत वाढलेल्या लोकांची अशी तुलना करता येत नाही आणि आपला निष्कर्ष टिकत नाही. माणूस प्रामाणिक निघाला. पण कायदा जागेवरच राहिला.

आता धारवाड. तेव्हाचा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात. घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि इंग्रजी, बाजारात दोन्ही. अशा मुलखात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची कसोटी इथल्या मुलांसाठी नव्यानं उभी केली. कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत. टर्मनच्या १९१६ च्या आवृत्तीचा आधार घेतला, पण नुसतं भाषांतर केलं नाही. १९३४ साली ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांचा उल्लेख आहे. १९४० साली ऑक्सफर्डनं त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक काढलं. या कसोटीला आज सगळे बिने-कामत म्हणतात.

तेव्हा असा विचार करणारे कामत एकटे नव्हते. लाहोरला सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानी आवृत्ती केली होती. इकडे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात एम. व्ही. गोपालस्वामी मानसशास्त्र शिकवत होते. लंडनला स्पिअरमनच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. सगळ्या बौद्धिक कामांच्या मुळाशी एक समान शक्ती असते, असं १९०४ साली मांडणारे ते हेच स्पिअरमन. गोपालस्वामींची आणखी एक ओळख आहे. १९३५ साली म्हैसूरला त्यांनी घरातूनच रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला नाव दिलं आकाशवाणी. तोच शब्द पुढं सगळ्या देशाचा झाला.

पण कामतांचं काम वेगळं ठरलं, कारण ते टिकलं. कसोटी ३ वर्षांपासून २२ वर्षांपर्यंतची. लहान वयांत प्रत्येक वर्षाचे सहा प्रश्न, एकेक प्रश्न दोन महिन्यांचा. हिशेब साधा आहे. समजा मूल आठ वर्षांचं, म्हणजे ९६ महिन्यांचं. सहाव्या वर्षाचे सगळे प्रश्न सुटले, सातव्याचे तीन, आठव्याचे दोन, नवव्याचा एकही नाही. मानसिक वय सहा वर्षं अधिक सहा महिने अधिक चार महिने, म्हणजे ८२ महिने. ८२ भागिले ९६ गुणिले १००. बुद्ध्यंक ८५. कागद, पेन्सिल, थोडं साहित्य आणि समोर बसून मुलाला धीर देणारा एक माणूस, एवढ्यावर काम भागतं.

दोन भाषांत कसोटी करायची म्हणजे काय, ते काकांच्या नातवानंच मला दाखवलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. मी त्याला सहज विचारलं, त्रेपन्न म्हणजे किती? तो माझ्याकडं बघत राहिला. मग आजोबांनी कन्नडमध्ये विचारलं, ऐवत्तमूरु. लगेच पाटीवर ५३. कन्नडमध्ये पन्नास आणि तीन असं सरळ म्हणतात. मराठीत तीन आधी आणि पन्नासचं रूप बदललेलं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. मग हे पोर गणितात कच्चं, का मराठी संख्यावाचनात? प्रश्न कोणत्या भाषेत विचारला त्यावर उत्तर ठरणार. आणि जुलैची चाचणी तर पूर्ण इंग्रजीतून झाली होती. "शाळा इंग्रजी आहे ना" एवढंच त्यामागचं कारण. डिसेंबरमध्ये दुसऱ्या ठिकाणी बाईंनी आधी अर्धा तास मुलाशी गप्पा मारल्या, तो कोणत्या भाषेत मोकळा होतो ते पाहिलं आणि मग कामतांचीच कसोटी दिली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी धारवाडला कन्नड-मराठी मुलांसाठी जे केलं होतं, ते आज बनशंकरीतल्या एका कन्नड-मराठी पोराच्या कामाला आलं.

इथं एक शंका येईल. भाषेचं ठीक, पण तर्क तर सगळीकडं सारखाच ना? सगळे माणसं मर्त्य, अमुक माणूस, म्हणून तो मर्त्य. यात गाव कुठून आलं?

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांत जाऊन हेच तपासलं. त्यांनी विचारलं, की दूर उत्तरेला, जिथं बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी. अमुक गाव तिथंच आहे. मग त्या गावची अस्वलं कोणत्या रंगाची? थोडीफार शाळा शिकलेल्यांनी लगेच सांगितलं, पांढरी. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी उत्तर द्यायलाच नकार दिला. मी तिथं गेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा, अशा अर्थाचं ते बोलले. कसोटीच्या तक्त्यात हे चूक धरलं जाईल.

आता आपल्यातल्या जुन्या लोकांना विचारतो. गस्तीवरून परत आलेल्या जवानाचा रिपोर्ट कसा घेता? "काय पाहिलंस? स्वतः पाहिलंस का कुणी सांगितलं? नक्की दिसलं नसेल तर तसं म्हण." मी स्वतः नव्या पोरांना हेच वर्षानुवर्षं शिकवलं. टेकडीमागं शत्रू असणारच असं अनुमान काढून रिपोर्ट देणाऱ्याला मी झापलंय. म्हणजे उझबेक शेतकऱ्याचं उत्तर माझ्या प्लाटूनमध्ये पूर्ण गुण मिळवणारं होतं. त्याची विचारशक्ती अधू नव्हती. त्याच्या जगात, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कुणाच्या शब्दावर विसंबून ठाम बोलणं हा शहाणपणा नव्हता. "मी सांगतोय ते खरं धर आणि त्यावरून पुढचं काढ" हा एक खेळ आहे आणि तो शाळेत शिकवला जातो. उपयोगी खेळ आहे, त्याशिवाय गणित नाही, कायदा नाही, नकाशावरची लढाईही नाही. पण तो शिकवावा लागतो आणि कसोटी मोजते ती बुद्धी आणि हे शिक्षण, दोन्ही एकत्र.

याचा पुरावा पुन्हा फौजेतून आला. इंग्लंडात जॉन रेव्हन यांनी १९३८ साली निव्वळ आकृत्यांची तर्ककसोटी प्रसिद्ध केली. एक शब्द नाही, नुसती नक्षी आणि तिचा हरवलेला तुकडा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं भरतीसाठी तीच उचलली. १९४२ साली त्यांनी अधिकारी निवडीची नवी मंडळं काढली आणि १९४३ साली आपल्याकडं डेहराडूनला तसंच प्रायोगिक मंडळ बसलं. आजच्या एसएसबीचं ते मूळ. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा निघाली, ती आज दिल्लीची डीआयपीआर. हॉलंडच्या फौजेनंही रेव्हनची कसोटी घेतली होती आणि अठरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या तरुणांना ती दरवर्षी दिली. न्यूझीलंडमधले जेम्स फ्लिन यांनी ते आकडे मागवून घेतले. १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत डच पोरांचे गुण सुमारे २० बुद्ध्यंकांनी वाढले होते! अमेरिकेत ही वाढ दशकाला सुमारे ३ गुणांची निघाली. १९८७ साली फ्लिननी चौदा देशांचे आकडे मांडले, सगळीकडं चढच.

एका पिढीत मेंदू बदलत नाहीत. मग काय बदललं? पुढं उत्तर शोधताना फ्लिन लुरियांच्या त्या शेतकऱ्यांपाशीच येऊन थांबले. शाळा वाढली, कारखाने आणि कचेऱ्यांतली कामं वाढली, न पाहिलेल्या गोष्टींचे गट पाडायची आणि "असं धरलं तर" म्हणायची सवय घराघरांत शिरली. आजोबा कमअस्सल नव्हते, त्यांना त्या खेळाची सवय नव्हती.

आणि इथं काकांच्या दुसऱ्या कागदाकडं परत यावं लागतं. ७९ चा आकडा बघून सगळं घर सुटकेचा श्वास टाकत होतं. पण लोकांचे गुण पिढीगणिक चढत असतील, तर जुनी पट्टी आजच्या मुलाला असायला हवा त्यापेक्षा वरचा आकडा देणार. अमेरिकेचाच वेग हिशेबापुरता धरला, तर तीस वर्षं जुन्या पट्टीवर ९ गुण फुकटचे. ताज्या पट्टीवर ६६ येणाऱ्या मुलाला ती ७५ देईल. आणि कामतांच्या मानकांचा पाया तर १९३० च्या दशकातला. तेव्हा धारवाडच्या शाळेत कोणती मुलं होती आणि आज बंगळूरच्या शाळेत कोणती आहेत, याचा विचार करा. पहिल्या कागदाला भाषेनं खाली ओढलं होतं, दुसऱ्याला वयानं वर ढकललं असणार.

ही नुसती पुस्तकी बाब नाही. २००१ च्या सरकारी सूचनांप्रमाणे ५० ते ६९ बुद्ध्यंकाला ५० टक्के अपंगत्व धरत, ३५ ते ४९ ला ७५, २० ते ३४ ला ९० आणि त्याखाली १००. सत्तरला काही नाही. सवलतींना किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामध्ये प्रमाणपत्राची भिंत, आणि ती भिंत आखायला कित्येक ठिकाणी वापरलेली पट्टी धारवाडची. ज्याला खरंच आधार हवा तो फुकटच्या गुणांमुळं भिंतीच्या पलीकडं गेला, की त्याच्या आईबापांनी कुठं जायचं? आणि ज्याची फक्त भाषा चुकली तो अलीकडं पडला, की शाळेची वाटच बदलली. चूक दोन्हीकडून होते आणि दोन्ही वेळा कागदावर आकडा तितकाच ठाम दिसतो. २०१६ च्या कायद्यानंतर २०१८ साली आलेल्या सूचनांनी रोजच्या व्यवहारातल्या कौशल्याला जास्त वजन दिलं, हे चांगलं झालं. जेवण, कपडे, पैसे, रस्ता ओलांडणं यांत मूल कुठं आहे ते बघायची व्हाइनलँड मोजपट्टी त्यासाठी वापरतात. तिची भारतीय आवृत्ती नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी केली. वेश्लरच्या मुलांच्या कसोटीचं भारतीय रूपही त्यांचंच, १९६९ चं. म्हणजे तीही पट्टी आता म्हातारीच.

आपल्याकडं या मोजमापाचं दुसरं टोकही आहे. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलं कसोट्यांनी निवडून त्यांना देशाच्या कामाला लावायचं म्हणून. तिथल्या मंडळींनी गिलफर्ड यांचा नमुना स्वीकारला. त्यात बुद्धी हा एक आकडा नसून अनेक क्षमतांचा संच आहे. हे गिलफर्ड दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिक निवडीच्या कसोट्या करत होते. चांगला वैमानिक एका आकड्यानं सापडत नाही, हे तिथं काम करणाऱ्यांच्या चांगलंच लक्षात आलं होतं. सदाशिव पेठेतल्या प्रवेशपरीक्षेचा धागा असा फौजेच्या विमानतळापर्यंत जातो.

हे सगळं काकांना कसं सांगायचं? शेवटी रायफलच कामी आली.

म्हटलं, "काका, रेंजवर पाच राउंड मारले, पाचही एका रुपयाएवढ्या जागेत, पण टार्गेटच्या डाव्या कोपऱ्यात. फायरर कसा?"

"फायरर चांगला. ग्रुप बांधलाय की. साइट हललीय."

"मग साइट सरळ न करता त्याला नापास केला तर?"

"असा उस्ताद असेल तर त्यालाच रेंजवरून काढावा लागंल."

मानसमापनशास्त्रात यालाच दोन मोठे शब्द आहेत. एकाच जागी लागणं ती विश्वसनीयता, आणि जिथं लागायला हवं तिथं लागणं ती सप्रमाणता. पहिली असून दुसरी नसू शकते. रायफल झिरो केल्याशिवाय आपण कुणाचा निकाल लावत नाही. आणि माझ्यासाठी झिरो केलेली रायफल तुमच्या खांद्याला तशीच चालेल असंही नाही. एकदा झिरो केली म्हणजे जन्माची झाली, असंही नाही. कामतांनी १९३४ साली विलायती रायफल आपल्या पोरांच्या खांद्यासाठी झिरो केली. मोठं काम केलं. नंतर ती हातोहात फिरत राहिली. शास्त्रातल्या जाणकारांनी तिची मानकं जुनी झाल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, पण कन्नड-मराठीत एवढं सोपं आणि स्वस्त दुसरं साधन हाताशी नव्हतं, म्हणून तीच चालली. दोष कामतांचा नाही. त्यांच्यानंतरच्यांनी रेंजवर परत जायला हवं होतं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मूळ प्रश्न परत विचारला. हवालदार तो, सोडणार थोडाच?

"ते सगळं पटलं. पण खरा आकडा कुठला?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "चांगल्या कसोटीतही चार-पाच गुण मागंपुढं होतातच. त्या बाईंनी खाली काय लिहिलंय ते बघू."

दुसऱ्या कागदाच्या शेवटी अर्धा परिच्छेद होता. तो कुणी नीट वाचलाच नव्हता, कारण सगळ्यांची नजर ७९ वर अडकली होती. बाईंनी लिहिलं होतं, की आकडा अंदाजे धरावा, वर्षानं पुन्हा तपासणी करावी. तोंडी कारण देण्यात मुलगा वयाच्या बराच जवळ आहे, वाचनात फार मागं आहे. वाचनाची वेगळी तपासणी करून लगेच मदत सुरू करावी. मी ते मराठीत करून एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं.

काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, पिशवीतल्या दोघांबरोबर नाही. गेल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पोरगं वर येतं. आम्ही बसच्या पाट्या वाचतो, एक कन्नड, एक इंग्रजी आणि एक मी खडूनं लिहिलेली मराठी. काल त्याला ते पत्राचं वाक्य सांगितलं. तो हसला नाही. बराच वेळ विचार करून त्यानं विचारलं, "पण त्यांना फोन नव्हता काय?"

या उत्तराला किती गुण द्यायचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.